दहा पूर्णांक चार

बी.एस्सी. दुसरं वर्ष, जेवणानंतरचा तास.
खडू बाजूला ठेवून टेबलावर ओतलं पोतं,
शेंदुरजनाघाटची सत्तेचाळीस संत्री.
सोला, म्हटलं. फोडी मोजा. खायच्या नाहीत.

फळ्यावर आकडे चढत गेले :
नऊ, अकरा, दहा, दहा, तेरा...
वह्यांना पिवळे डाग, पंख्याला सालीचा वास.

अंकुश उईकेचा आकडाच येईना.
काऊन रे?
तोंड पुसत म्हणाला, "मोजाचं राहूनच गेलं, सर."
त्याच्यापुढं लिहिलं : गहाळ.
भागलं सेहेचाळीसनं.

सरासरी : दहा पूर्णांक चार.

खिडकीजवळून प्रणाली ढोक,
जी जूनपासून एकदाही बोलली नव्हती :
"पण सर, असं संत्रं तं इथं एकबी नाही."

तास तिथंच सरला.
विचलन उद्या.
आता खा, म्हटलं.