मागणीचा तक्ता

तावरे सर म्हणाले, नुसतं वाचू नका, चित्र काढा.
रात्रशाळेत साडेनऊला आम्ही चौदा जण,
त्यातले सहा डोळे उघडे ठेवून झोपलेले.

घरी येऊन मागच्या वर्षाचं कॅलेंडर उलटं केलं.
प्रचितीच्या दप्तरातली स्केचपेनं घेतली,
जांभळं वाळलं होतं, तरी ओढलं.
मधोमध गोल. गोलात 'बाजार'.
आणि बसून राहिले.
गोलातून बाण न्यायचा कुठे?

मला बाण माहीत होता एकच:
कात्रज, बालाजीनगर, पद्मावती, स्वारगेट,
तिथून पुणे स्टेशन.
अठरा वर्षं त्याच्यावर उभी आहे,
एका हातात दांडी, एका हातात तिकिटं.

मग तोच काढला.
मक्तेदारी: आमची बस.
अल्पाधिकार: स्वारगेटच्या कोपऱ्यावरचे रिक्षावाले तिघं,
एक नाही म्हणाला की तिघंही नाही.
पूर्ण स्पर्धा, तो चौकोन रिकामा.
सरांना विचारलं, तर म्हणाले, पुस्तकातही 'काल्पनिक' असंच दिलंय.

लवचिक मागणी निळ्याने.
पाचाचे दहा झाले त्या सोमवारी
कॉलेजची पोरं दोन स्टॉपसाठी चालत निघाली,
एक आजोबा माझ्याकडे असे बघत राहिले
जसा काही दर मीच ठरवला.
मग तेही उतरले.
त्यांचा बाण काढला चप्पल घासत जाणारा.

अलवचिक लालने.
तिथे कुदळेताई.
मंगळवार, शुक्रवार, सकाळची सातची गाडी,
पद्मावतीला चढायच्या, ससूनची फाईल पोटाशी धरून.
दहा झाले तरी चढल्या.
वीस झाले असते तरी चढल्या असत्या.
किंमत बदलली तरी मागणी बदलत नाही.
आलेख: सरळ उभी रेघ.
त्या मात्र सरळ उभ्या कधी राहिल्या नाहीत,
मी माझी सीट द्यायचे.

तक्ता कपाटाच्या दाराला लावला.
कणीक मळता मळता पाठ व्हायचा.
ह्यांनी शर्टासाठी दार उघडलं
की अर्धं अर्थशास्त्र भिंतीकडे तोंड करायचं.

जानेवारीत एक मंगळवार गेला. मग शुक्रवार.
भापकर ड्रायव्हरने पद्मावतीला गाडी जरा जास्तच धरली,
मीही बेल दिली नाही.
मागून कोणीतरी म्हणालं, ओ बाई, झोपलात का?
तिसऱ्या मंगळवारी दिली.
डबल.

प्रचिती लाल चौकोनासमोर पेन घेऊन उभी.
नाव खोडू का आई? मीठ लिही.
पुस्तकात मीठच आहे.
मिठाला पूर्ण मार्क मिळतात.
मी म्हटलं, कणीक भिजलीये, तवा ठेव.

पेपरच्या दिवशी हॉलच्या भिंती कोऱ्या,
नुसता एक खिळा आणि घड्याळ, तेही मागे.
डोळे मिटले, कात्रजहून सुटले.
बालाजीनगरला मक्तेदारी चढली,
रिक्षावाले आपोआप आले.
प्रश्न तिसरा: उदाहरणासह स्पष्ट करा.
पद्मावती.

मी मीठ लिहिलं.
मग खाली जागा उरली होती म्हणून
आलेख काढला. पट्टी घरी राहिलेली,
उभी रेघ हातानेच ओढली.
ती मधेच जराशी पुढे वाकली,
पोटाशी काहीतरी धरल्यासारखी.
खोडरबर होता माझ्याकडे.