दार चार बोटं उघडं

एकतीस वर्षं देवळाची किल्ली माझ्या कमरेला होती.
लोखंडी, वीतभर.
चालताना मांडीवर आपटायची,
आणि मला वाटायचं, हा आवाज ऐकून
गावाला कळतं की देव घरी आहे.

मग समुद्रानं चिलोए बेटाचा आमचा काठ खायला घेतला.
आधी कुंपण, मग दफनभूमीतले दोन क्रूस,
मग एका पहाटे वेदीमागच्या भिंतीखालून
ओंजळभर आभाळ दिसायला लागलं.
देऊळ टेकडीवर न्यायचं ठरलं, जसंच्या तसं,
ओंडक्यांवरून ओढत,
जशी आमच्याकडे घरं नेतात:
ज्याचं घर तो जेवू घालतो, बाकी कुणी काही मागत नाही.

बैलांच्या नऊ जोड्या हव्या होत्या. आमच्या मंडळीत निघाल्या पाच.
ओतिलिया म्हणाली, पत्र्याच्या शेडवाल्यांकडे आहेत.
मी म्हणालो, ते गिटार वाजवून देवाला हाका मारतात,
आपल्या संतांना बाहुल्या म्हणतात,
आपलं देऊळ ते कशाला ओढतील?
ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली,
"विचारलंस तर जीभ झिजेल का तुझी?"

जीभ नव्हती झिजणार. तिच्याखाली एक गोष्ट होती.
सहा वर्षांपूर्वी इस्माएल वेन्तेओची आई गेली.
म्हातारी जन्मभर आमच्याच घंटेवर उठलेली,
शेवटी लेकाबरोबर शेडमध्ये जायला लागली.
तो आला होता भर पावसात, टोपी हातात धरून:
एकदाच वाजव, तिनं मागितलंय.
किल्ली माझ्या कमरेला होती.
मी नियम सांगितला.
नियम बरोबर होता. अजूनही बरोबरच असेल.

मी काही विचारायला गेलो नाही.
तरी शनिवारी, धुकं उठायच्या आत,
चार जोड्या उतारावरून येताना दिसल्या.
पुढे इस्माएल, मागे त्याची मंडळी, गिटार नाही.
मला एवढंच म्हणाला, "दोर कुठे बांधू?"

मला वाटलं होतं, किल्लीवाला मी, पुढे उभा राहून हाका देईन.
पण थंडीनं आवाज बसला होता,
म्हणून नोल्बेर्तोनं हातात चरबीचा डबा दिला.
ओंडक्यांना चोपडायची, रांगत, देवळाच्या पोटाखाली,
जिथे एकतीस वर्षांत मी कधी वाकून पाहिलं नव्हतं.
तिथून नुसते पाय दिसतात.
कुठले आमचे, कुठले शेडमधले,
मी ओळखू पाहत होतो. चिखलानं ओळखू दिले नाहीत.

दोर ताणला.
आजारी माणूस कुशीवर वळावा तसं देऊळ कण्हलं
आणि हललं.
आणि वर मनोऱ्यात, कुणी हात न लावता,
घंटा वाजली.

मग धक्क्यागणिक वाजत राहिली, ना सूर ना ताल.
बैलांच्या पायांमधून मला दिसलं,
इस्माएलचे बूट थांबले.
टोपी धरलेला एक हात गुडघ्यापाशी आला.
मग बूट पुन्हा रुतले.

ओरडून सांगायचं होतं:
ही मी वाजवली नाही, इस्माएल,
मी वाजवायला हवी होती.
आवाज बसलेला.
निमित्त बरं सापडलं होतं.

संध्याकाळी टेकडीवर खड्ड्यात वाफवलेले शिंपले, बटाटे.
प्रार्थना दोन झाल्या, एक लांब, एक फार लांब.
इस्माएलच्या तळव्यांवर दोर उमटला होता, कातडी सोलली होती.
मी डबा खरवडला. हात पुढे कर म्हणालो.
त्यानं केले.
चरबी लावताना जे म्हणायचं होतं ते म्हणालो,
घोगरं, अर्धं.
तो बराच वेळ हातांकडे बघत राहिला.
"आई म्हणायची," तो म्हणाला,
"तुमच्या घंटेचा आवाज जरा फुटका आहे."

प्रवासात चौकट तिरकी झाली.
आता किल्ली फिरते, पण कुलूप खोबणीत पोचत नाही.
दार चार बोटं उघडं राहतं,
वारा येतो, मेणबत्त्या विझतात, एकदा कोंबडी आली.
इस्माएल सुतार आहे. म्हणतो, रंधा मारून देतो.

मी म्हणालो, उन्हाळ्यात बघू.