डावखुरा आहेस का

यंत्र जुन्या बाजारातलं, एका बुधवारचं.
साडेतीन हजार सांगून एकोणीसशेला दिलं,
वर एक खुरपं फुकट.
अत्तार म्हणाला, बाई, सोनं सापडलं तर आठवण ठेवा.

अत्तार, सहा वर्षांचा हिशेब घे:
सोड्याची बुचं, मोजणं कधीच सोडलं.
नालांचे खिळे. छत्रीच्या काड्या.
एक पितळी कुलूप, लावलेलं.
पाच पैशांची ती चौकोनी, ओठांवर ठेवली तर उडतील इतकी हलकी.
आणि चंदेरी कागद, चंदेरी कागद,
जो सोन्याच्याच पट्टीत गातो,
म्हणून दर वेळी गुडघे टेकावेच लागतात.

वेताळ टेकडीवर सकाळी सगळेच तज्ज्ञ.
दाडेगावकर म्हणतात, यश कॉइलच्या व्यासात असतं.
त्यांचे व्याही म्हणतात, नशिबात.
लोकरी टोपीतले एक गृहस्थ, पाऊस पडून गेल्यावरच्या तिसऱ्या दिवसात.
मी हो म्हणते. कानांवर हेडफोन असतो
आणि एवढ्या चढावर वाद घालायला दम लागतो.

ओजस खळदकर संध्याकाळी आला.
कुणीतरी सांगितलं होतं, त्या शोधणाऱ्या काकू.
अंगठी, म्हणाला. साखरपुड्याची. इथे बाकाजवळ
सरकली बोटातून.

बाजीराव रोडच्या एक्स्चेंजात मी एकवीस वर्षं ट्रंक कॉल जोडले.
रायचूर, इटारसी, नांदेड,
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
खरं सांगायचं तर ऐकायची मनाई होती.
पण कान काही खात्याचे नव्हते.
‘मी बरा आहे’च्या आधी
लाइनवर एक बारीकशी पोकळी येई,
खरखर नव्हे. खरखर वेगळी.

‘सरकली’च्या आधी ती आली.

तरी दोन संध्याकाळी मी बाकाभोवतीच फिरले.
पोरगं म्हणतंय तर म्हणतंय.
सोळा बुचं, एक सेफ्टी पिन.
तो मोबाइलचा दिवा धरून मागे मागे,
दर टूंला जवळ येणारा, दर बुचाला लांब जाणारा.

तिसऱ्या दिवशी विचारलं, डावखुरा आहेस का रे?

त्यानं हाताकडे पाहिलं, जणू हातानंच चहाडी केली.
हो, म्हणाला.
मग उभा कुठे होतास?
तो चालत खाणीकडच्या वळणावर गेला,
आणि नुसतं दाखवायचं म्हणून
हात खांद्यापर्यंत वर नेला, आणि तिथेच राहू दिला.

पडलेली वस्तू पायाशी असते.
ही नव्हती पडलेली.

अठ्ठावीस पावलं, उताराच्या अंगाला,
गिरिपुष्पाची वाळकी पानं, त्यांच्याखाली मुरूम.
टूं. खणलं, कागद.
टूं. कागद.
मोर ओरडला कुठेतरी, बहुतेक आम्हालाच.
परत तीच पट्टी, तोच स्वर, काडीचा फरक नाही,
आणि मी तिसऱ्यांदा गुडघे टेकले
ते काही आशेनं नाही, सवयीनं.

मातीचा एक गोल पेढा वर आला.
त्याला कडा होती.

त्यानं ती पुसली नाही. बोटातही घातली नाही.
पाकिटात, सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात टाकली
आणि चेन ओढली.
किती द्यायचे, काकू?
म्हटलं, ते तिन्ही खड्डे बुजव.
तो बसला आणि डाव्या हातानं माती लोटत राहिला,
गरजेपेक्षा बराच वेळ.
मी पाठ करून हेडफोन गुंडाळले.
तिचं नाव विचारलं नाही.
तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

सकाळी टेकडीभर बातमी.
दाडेगावकर धापा टाकत गाठायला आले,
सापडली म्हणे! कॉइल किती इंचांची?
आठ, म्हटलं.
त्यांनी खिशातून छोटी वही काढली
आणि लिहून घेतलं.