तिसरा खटका

दंतवैद्यानं किल्ली दिली
आणि एक वही, कधीतरी भिजून वाळलेली.
"सगळं लिहून ठेवलंय," म्हणाला.
पाण्याच्या टाकीच्या पानावर
शाई पसरून निळं डबकं झालं होतं.

एकतीस वर्षं मी पाटबंधारे खात्याच्या विश्रामगृहात खानसामा.
दुसऱ्यांच्या चादरी ताणून खोचल्या,
सकाळी पाचचा चहा दोन नंबरच्या खोलीत, साखर वेगळी.
येणारा प्रत्येक जण कुठूनतरी कुठंतरी निघालेला.
मुक्कामाला तेवढा मी.

आणि आता दारात हे उभं:
चौदा वर्षांचं, पांढरं, कोपऱ्यांशी गंजलेलं
चाकांवरचं बिऱ्हाड.
सुगंधा भोवती एक चक्कर मारून आली,
बाजारात बैल पाहतात तशी; दात तेवढे मोजले नाहीत.
"चूल कुठी हाय?"
दाखवली.
"आन् मोरी?"
दाखवली.
"आन् मोरीचं पाणी कुठी जाते?"

मूलचा रज्जाक खाली घुसला.
बराच वेळ नुसत्या टाचा दिसत होत्या.
मग टाचांकडून आवाज आला,
"काका, इंजन दहा वर्षं मरत नाही.
छत गळते, थे पाहून घ्या.
आन् पट्टा बदला, नाहीतर जंगलात
बिबट्याले धक्का माराले लावसान."

छताला डांबर फासलं. त्याचा वास
अजून पोळीला येतो.

पलंगाच्या उशाशी तीन खटके.
पहिल्यानं दिवे.
दुसऱ्यानं पंप, म्हाताऱ्यासारखा खाकरून मग पाणी.
तिसऱ्यानं काहीच नाही.
रज्जाकनं वायर धरून पाहिली, ती भिंतीत शिरली
आणि परत आली नाही.
दंतवैद्याला फोन केला.
"तिसरा ना? आमच्याकडेही काही होत नसे.
पण असू द्या चालू."

पहिला मुक्काम घरापासून चार किलोमीटरवर,
बोडीच्या पाळीवर.
हसू नका. नव्या बैलाला कोणी
पहिल्याच दिवशी नागपूर दाखवत नाही.

गाडी कलती उभी राहिली, डोकं खाली, पाय वर.
सुगंधानं वाटीत पाणी घेतलं, ओट्यावर ठेवलं,
वाकून पाहिलं.
"मांगच्या चाकाखाली अजून एक दगड."
मी दगड सरकवला.
"अजून."
वाटीतलं पाणी सरळ झालं
तेव्हा अंधार पडला होता.

दात घासताना नळ आटला.
टाकी भरायची असते, हे विसरलो होतो.
समोर काठोकाठ बोडी,
आणि तोंडात फेस घेऊन उभे आम्ही दोघं,
एकमेकांकडे बघत.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या,
मुलाच्या उंचीच्या. शेवटची माझ्या कोपराशी.
पुढं मूल वाढलं नसेल असं नाही.
सहली थांबल्या असतील.
सुगंधा पुसायला फडकं घेऊन आली,
आणि बाजूचा कपाट पुसून गेली.

पावणेपाचला जाग आली, सवयीनं.
चहा केला, साखर वेगळी,
दोन पावलं चाललो आणि थांबलो.
हात वर झाला होता दार ठोकायला.
दार कुठं होतं? एक पडदा, पिवळ्या फुलांचा.
आतून सुगंधा म्हणाली,
"या न. काहून उभे रायले?"

मी बसलो. पलंगावर. कप हातात.
विश्रामगृहात असं कधी बसलो नव्हतो.

उजाडताना शेळ्या घेऊन पोरगा आला,
रोशन उईकेचा धाकटा. चारदा मागं-पुढं फिरला.
"बाबाजी, तुमचा मांगचा लाल दिवा
रातभर लागून होता.
पायरीखालचा, बारकुसा.
मी तिकडून, आमच्या वावरातून पायलो."

तर तो होता तिसरा खटका.
आतल्या माणसाला न दिसणारा.

मी किल्ली फिरवली.
टक्.
परत फिरवली. टक्.
बॅटरी रात्रभर लाल जळून संपली होती.

पोरानं शीळ घातली. वावरातून तिघं आले,
एकाच्या खांद्यावर कुदळ तशीच.
सुगंधा पदर खोचून मागं गेली.
पाळीचा उतार घराकडेच होता.
"वाटी काढली काय ओट्यावरची?" ती ओरडली.
नव्हती काढली.

गाडी हलली.