समस्त

पत्रिकेत नावं बसवायला बाबांना तीन रात्री लागल्या.
आधी वारलेले, मग हुद्देवाले:
निवृत्त शाखाधिकारी, सावंतवाडीचे उपअभियंता,
आत्याचा मुलगा, जो केवळ दुबईमुळे वर सरकला.
अगदी तळाशी, बारीक टायपात,
'व समस्त खवणेकर परिवार'.
लवूकाका तिथे होते,
त्या जोडाक्षरात कुठेतरी.

पत्रिका द्यायला मला पाठवलं, दिवेलागणीनंतर.
गाडी बंदराच्या अलीकडेच लाव, आई म्हणाली.

बर्फाच्या कारखान्यात काका लाद्या ओढत होते.
बोटं पांढुरकी, सुरकुतलेली, ऐन मे महिन्यात.
लुंगीला हात पुसून त्यांनी पत्रिका धरली
आणि एकेका नावावर नख टेकत खाली आले,
ओहोटीला खडपावरून उतरावं तसे.
"ह्येच्यात माझा नाव खंय आसा गो?"
मी बोट ठेवलं.
"समस्त. म्हणजे मी मां?
मोठो शब्द आसा. सगळे मावतले तेच्यात."
मी म्हटलं, "नक्की यायचं हं, काका."
आमच्या घरात 'आसा'ला आता 'आहे' म्हणतात.

आजोबांची होडी विकली त्या वर्षी
दोन भावांचे दोन मुलगे
शाळेत पहिले-दुसरे होते.
पैसे एकाच्याच कॉलेजला पुरले.
घरात हे कुणी सांगत नाही.
वेंगुर्ल्याच्या बाजारात एका म्हातारीने सांगितलं,
कोलंबी मोजता मोजता,
आणि वर मूठभर जास्त घातली.

लग्नाला आले.
नवा शर्ट, खोक्यातल्या घड्या अजून अंगावर.
व्याह्यांच्या मेव्हण्याला वाटलं, वाढपी आहेत.
"सोलकढी आण रे."
बाबा दोनच पानं पलीकडे.
ऐकलं त्यांनी. मला माहीत आहे, कारण
ते खिशात चष्मा शोधू लागले
आणि चष्मा नाकावर होता.

काकांनी सोलकढी आणली.
मग शेजारच्या पानाला, मग त्याच्या शेजारच्या,
अख्खी पंगत वाढली.
बाबांच्या वाटीत ओतताना खाली वाकून विचारलं,
"साहेब, अजून?"

माझ्या हातात विड्यांचं तबक होतं.
हात मोकळे नव्हते,
असं मी अजून म्हणते.

रात्री मांडव सुटल्यावर बाबा आहेराची वही
मोठ्याने वाचत बसले.
दुबई, एक हजार एक.
शाखाधिकारी, पाचशे एक, शिवाय एक भिंतीवरचं घड्याळ.
मग थांबले.
"समस्त खवणेकर. पाच हजार."
"हे कोण हो?" आईने विचारलं.

पाकिटातल्या नोटा दमट होत्या.
बाबांनी त्या एकेक करून फरशीवर पसरल्या,
उडू नयेत म्हणून वर ठेवलं
चष्म्याचं घर, अडकित्ता, उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा,
आणि पंखा लावून
तिथेच बसून राहिले.

सकाळपर्यंत सुकल्या.
वास तेवढा गेला नाही.
बँकेत भरायला
त्यांनी मलाच पाठवलं.