गोल चाक

खानापूर. स्टेशन रोड. माझं झेरॉक्स आणि नेटचं दुकान.
नव्या पॅकात कंपनीचा बाजार न मागता उघडतो,
सिनेमे तर दारातच उभे.
जांबोटीच्या भरमाण्णानं मध विकायला केलेलं पान
फिरतंय. गोल चाक. अजून फिरतंय.

"अक्का, मशीन बिघडलंय काय?"
मशीन तेच, वायर तीच.
आत कुठंतरी कोगनोळीसारखा नाका बसलाय,
पण पावती न देणारा.

पाटीवर कुठली भाषा, यावर आम्ही जन्म काढला;
पाटीखालचा रस्ता
कधी विकला गेला, समजलंच नाही.

भरमाण्णा बाकावरनं उठत नाही.
"किती दिल्यावर उघडतंय म्हणे?"
मला काय माहीत. मी तासाचे वीस घेते.
आज तेही मागितले नाहीत.