साताऱ्याचा समुद्र

साताऱ्याला समुद्र नाही
हे खारकेला कुणी सांगितलं नाही.
मीही नाही.
पहिल्यांदा बामणोलीला नेली तेव्हा
काठावर चारी पाय रोवून उभी राहिली,
पाण्यावर तीनदा भुंकली,
पाणी काही बोलेना
म्हणून चाटून पाहिलं,
आणि गोडं निघालं तरी
मत बदललं नाही तिनं.

तेव्हापासून महिन्यातनं एक रविवार.
स्कूटीच्या पुढ्यात ती, सीटवर मी,
हुकाला डबा: सहा चपात्या, तीन मिठाच्या, तीन बिनमिठाच्या.
समर्थ मंदिर मागं पडलं की हवा बदलते.
यवतेश्वरच्या घाटात तिचा डावा कान उलटा होतो
आणि तसाच राहतो थेट कासपर्यंत.
मागनं येणारी पोरं हसतात, फोटो काढतात.
शेजारच्या विमलताई म्हणतात,
"या वयात माणसं गाणगापूरला जातात."
खारकेला गाणगापूर मानवायचं नाही,
असं सांगून मी किक मारते.

मे महिन्यात धरण मागं सरतं.
डोंगराला पट्टे उमटतात, तांबडे, फिके, तांबडे,
बांगड्या उतरवल्यावर
मनगटावर काही दिवस राहतात तसे.
खाली उघडी पडते ती काही वाळू नव्हे,
गाळ. वरून भेगाळलेला, आतून लोणी.
खारीक त्यावरून सुटते,
दर दहा पावलांवर एक पाय फसतो,
तो उपसते, झटकते, पुन्हा सुटते.
बत्तीस वर्षं मी मुलींना खो-खो शिकवला.
असं वळण घेणारी एक पोर
मिळाली नाही.

यंदा मात्र मध्येच थांबली.
गाळात जोत्याचे चार दगड, एक उंबरा,
फुटक्या जात्याच्या भोकात शिंपला.
तिनं सगळं हुंगलं, सावकाश,
तलाठी जुना उतारा वाचतो तसं,
मग उंबरा ओलांडून आत गेली
आणि गोल फिरून, फिरून, बसली.

भागोजी उतेकर होडी ओढत होता.
"बाई, कुत्रं आमच्या तात्यांच्या जागंवर बसलंय."
मी ओशाळले. उठवायला निघाले.
"ऱ्हाऊ द्या. किती वर्सांनी
कोन तरी घरात हाय."
मग वल्हं उचलून त्यानं हवेत घर काढलं:
हितं चूल. हितं म्हशीचा खुंटा.
हितं आजी घसरून पडली, ती पुन्हा उठली न्हाय.
हितनं दारातनं वडाचा शेंडा दिसायचा.
"तुम्हांला आठवतं एवढं?" मी विचारलं.
"मी कुठला बघतोय! मी वर आल्यावरचा जलम.
पन पाठ हाय."

त्याला चपाती दिली.
बिनमिठाची गेली त्याच्या हातात,
मला नंतर कळलं.
त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली,
शेवटचा तुकडा मोडून खारकेला दिला,
तिनं तो घेतला,
पण उठली नाही.

ऊन कलल्यावर मीच उचलली.
गेल्या वर्षी स्वतः उडी मारून चढायची.
आता मागचे पाय आधी विचार करतात.
पोटाला गाळ, नखांत गाळ,
माझ्या साडीला दोन पंजे, स्पष्ट,
शाळेच्या दाखल्यावरच्या शिक्क्यासारखे.
घाटात थांबून मी चहा घेतला,
तिला बिस्कीट दिलं,
आणि खाली शहर दिव्यादिव्यानं पेटताना
दोघी बघत बसलो.
म्हणजे मी बघत होते. ती बिस्किटाचा पुडा.

पोवई नाक्यावर पेट्रोल भरायला थांबले.
नळी हातात घेऊन पोरगं म्हणालं,
"कुठं गेला होता काकू, एवढ्या लदलदून?"
"समुद्रावर," मी म्हणाले.
त्यानं माझ्याकडं पाहिलं,
खारकेकडं पाहिलं,
नाक जरा बाजूला घेतलं.
"शंभरचं," म्हणाला, "का फुल?"